पिवळ्या गाठीचे कॉस्च्युम

६ एप्रिल

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, बारकीचा डबा केला, ह्यांचे दोन शर्ट दोरीवर वाळले होते ते काढून घड्या घातल्या, आणि आता कुठे ठेवायचे ते कळेना म्हणून परत दोरीवर टाकले. भांडी घासली, ओटा पुसला, कुलूप लावलं आणि कामावर गेले. गेल्या वर्षी हे वारले, त्याचा चौथा दिवस होता. कारखान्यात पोचल्यावर रोजच्यासारख्या पाच बॉबिनी भरून घेतल्या आणि शिवायला बसले.

तुम्ही वॉटर पार्कच्या सहलीचं विचारलंत आणि मी हे काय लिहीत बसले, असं वाटेल. त्याच्याशीच संबंध आहे म्हणून लिहिते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या कारखान्यात उशांचे अभ्रे शिवतात आणि वॉटर पार्कमध्ये बायकांना भाड्याने देतात ते निळे कॉस्च्युमही शिवतात, हे तुम्हाला माहीत आहे. अभ्र्यांना सुती दोरा लागतो, कॉस्च्युमला नायलॉनचा. दोन्ही निळे, दोन्ही रिळं एकाच फळीवर. त्या दिवशी मी बॉबिनी सुती दोऱ्याने भरल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दोरा तोडताना तो मुकाट्याने तुटला. नायलॉन असा तुटत नाही, बोट कापतो. तेव्हा मला कळलं. तोवर माझे चार डझन कॉस्च्युम पोत्यात भरून गेले होते. सुती शिवण नवी असताना धरते. पाण्यातल्या औषधाने ती काही महिन्यांत कुजते आणि ताण पडला की उसवते.

मी बोलले नाही. कारण कामावर परतले त्याच सकाळी कारखान्याच्या बाईंनी मला दारातच विचारलं होतं की मन थाऱ्यावर नसेल तर आठवडाभर घरी बस, कुणी काही म्हणणार नाही. माझं मन थाऱ्यावर आहे, असं मी चार बायकांदेखत सांगितलं होतं. घरी बसून मी काय करणार होते? आदल्या वर्षी बटणं उलट्या बाजूला लावली म्हणून एकीला कायमचं घरी बसवलं होतं, तेही डोक्यात होतंच.

तुम्ही ज्या पार्कचं लिहिलंय, तिथेच आमचा माल जातो. म्हणून माझं येणं धरू नका. बारकीला पाठवते. ती पंधरा वर्षांची झाली, भाऊजींच्या शिस्तीत राहील. फक्त मुलींना तिथले कॉस्च्युम घेऊ देऊ नका. तुमच्या सूनबाईंचं आणि दोघी जुळ्या नातींचं माप कळवा, मी घरी शिवून देते. तुमचंही.

हे पत्र वाचून झालं की फाडा. तुमची माया मला आहे हे ठाऊक आहे, पण ह्या वेळी जरा जास्त लागेल.

तुमची,
वहिनी


१४ एप्रिल

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, त्यात दूध उतू गेलं. फाडलेलं नाही. तुझं अक्षर इतकं सुधारलंय की फाडवेना. स्वयंपाकघरातल्या डब्यात तळाशी ठेवलंय, तिथे आमच्याकडे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आता नीट ऐक. चौदा महिने झाले. भाड्याचे कपडे इतके टिकत नाहीत. ते कधीच फरशी पुसायला गेले असतील. तू उगीच चोराच्या मनात चांदणं करून घेतलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला मुलगी वाढवायची आहे, आणि खरेपणा दाखवायला तुझ्यापाशी दुसरी नोकरी नाही. कारखान्यात एक अक्षर बोलू नकोस. हा मी तुला सल्ला देत नाहीये, मोठी म्हणून सांगतेय.

आणि चूक म्हणशील तर ऐक माझी. त्याच आठवड्यात मी नातेवाइकांना कळवायला म्हणून पत्रं लिहायला बसले. एकवीस पत्रं. पत्ते घालता घालता हाताच्या सवयीने एकावर आपल्या धाकट्याचंच, तुझ्या नवऱ्याचंच नाव घातलं आणि टाकलं. तो गेल्याचं पत्र त्यालाच. पेटीत पडल्यावर लक्षात आलं. तुझ्याकडे आलं असेल. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

माझी कंबर मी कागदावर लिहिणार नाही. पोस्टमन आमच्याच गल्लीत राहतो. जुळ्यांची मापं मागे लिहिलीत. सूनबाईने तिचं माप स्वतः लिहिलंय, त्यात दोन इंच वाढव. तिलाही ठाऊक आहे, मलाही आहे, कागदालाच तेवढं ठाऊक नाही.

आमच्या ह्यांनी सहलीचं वेळापत्रक केलंय. बस डेपोतून निवृत्त झाले पण डेपो त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. ११.४० ते ११.५५ मोठी घसरगुंडी. ११.५५ ते १२.०० कोरडे होणे. मी विचारलं की पाच मिनिटांत कोण कोरडं होतं, तर म्हणाले, उशीर करणाऱ्यांमुळेच गाड्या चुकतात. तारीख ३ मे, रविवार. तुझं नाव मी त्यात घालायला लावलंय. तू येतेस. पोरीला बापाबरोबर जायचं होतं, ते राहिलं. निदान आईबरोबर जाऊ दे.

तिला पापा दे. तुझ्यावर रागावलेली नाही, हे लिहायला नको, तरी लिहिते.

तुझी,
नणंद


२१ एप्रिल

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

मापं मिळाली. पण शिवून उपयोग नाही. बारकीने पार्कचं पत्रक आणलं. त्यात लिहिलंय की आत फक्त त्यांचेच कॉस्च्युम चालतील, बाहेरच्या कपड्यांचा रंग पाण्यात उतरतो. मी ते तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

तुमचं ते पत्र आलं होतं. मी फोडलं नाही. पाकिटावर ह्यांचं नाव होतं. ह्यांच्या रेझरच्या डब्याखाली ठेवलंय. आत काय असेल याचा अंदाज होता, पण इतरांना पाठवलंत तेच असेल असं वाटलं नव्हतं. त्यांना काहीतरी वेगळं लिहिलं असेल असं धरून बसले होते. तुम्हाला माहीत नसेल, पण मी वाचायला शिकले ती तुमच्या पत्रांवर. लग्नानंतर हे तुमची पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मध्येच दोन ओळी गाळून हसायचे. त्या ओळींत काय आहे ते कळावं म्हणून मी अक्षरं लावायला लागले. सहा महिने लागले. गाळलेल्या ओळी माझ्या हाताच्या चवीबद्दल असायच्या.

आता जे झालं ते लिहिते. परवा पार्ककडून चारशे कॉस्च्युमची नवी मागणी आली आणि सोबत तक्रार आली. मागच्या लॉटमधल्या काहींच्या शिवणी जागच्या जागी सुटल्या, असं. नमुना पाठवलेला नाही, नुसतं पत्र. बाईंनी सगळ्यांना उभं करून विचारलं. कुणी बोललं नाही. मीही नाही. मग त्या पाच नंबरच्या मशीनवरच्या मावशींकडे वळल्या. मावशींना मोतीबिंदू आहे. सुईत दोरा त्या शेजारणीकडून ओवून घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बाई म्हणाल्या की डोळे गेले की हाताचा काय भरवसा, आणि त्यांना मशीनवरून उठवून दोरे कापायच्या बाकावर बसवलं. तिथे नव्या मुली बसतात. मावशी सत्तावीस वर्षं मशीनवर होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की माझी शिवण उसवणार नाही बाई. त्यांनी आपली खुर्चीवरची उशी तिथेच सोडली आणि बाकावर जाऊन बसल्या.

तुम्ही मूठ झाकायला सांगितलंत. माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून मावशींच्या हाताखालचं मशीन गेलं, असं झालं ते.

मी लगेच उठून बोलायला हवं होतं. नाही बोलले. मनाशी म्हटलं, कशावरून माझेच? मावशींचेही असतील. ही खोटी आशा आहे हे कळतं, पण ती धरायला मला एक जागा सापडली. आम्ही प्रत्येकजण कॉस्च्युमच्या आत, कमरेच्या पट्टीखाली, आपल्या रंगाची एक गाठ मारतो, नग मोजायला सोपं जावं म्हणून. मावशींची लाल. माझी पिवळी. जे उसवलेत ते अजून तिथे असतील, तर गाठ बघून कळेल.

म्हणून मी येते. भाऊजींना सांगा, वेळापत्रकातलं माझं नाव खोडू नका. पण मला घसरगुंडीच्या वेळी कॉस्च्युमच्या काउंटरवर धरा.

तुमचा हात पाठीवर असू द्या, पाठ ताठ राहीलच असं नाही.

तुमची,
वहिनी


२४ एप्रिल

प्रिय आत्यास,
सा. न.

आईचं पत्र तुला मिळालंच असेल. तिने काय लिहिलं ते मला सांगत नाही, पण पत्र टाकायला ती स्वतः गेली. एरवी मला पिटाळते. म्हणजे काहीतरी आहे.

आई सहलीला येतेय! मी वर्गात सांगून टाकलं. पण आत्या, ती सहलीला येणाऱ्या बाईसारखी वागत नाही. घसरगुंड्यांची चित्रं बघतच नाही. मला विचारते की काउंटर किती उघडं असतं, कपडे मापाप्रमाणे ठेवतात की कसेही, आणि आपण हातात घेऊन बघायला मागितले तर देतात का. मी म्हटलं, आई, आपण पोहायला चाललोय की धाड टाकायला? तर तिने मला लसूण सोलायला बसवलं.

बाबा मला त्या सगळ्यात उंच निळ्या घसरगुंडीवर नेणार होते. ते म्हणाले होते की लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला खाली यायची भीती नसते, वर अडकायची असते. आईला ते माहीत नाही. तू सांगू नकोस. मला तिच्याबरोबर जायचंय पण ती नाही म्हणाली तर मी अजिबात हट्ट करणार नाहीये, हे मी आधीच ठरवलंय.

काकांना सांग, वेळापत्रकात जेवणाला पंधरा मिनिटं फार कमी आहेत. जुळ्या एक घास पंधरा मिनिटं चघळतात.

माझ्यावरचं प्रेम वाटण्यात जुळ्यांना जास्त देऊ नकोस.

तुझी,
बारकी


२९ एप्रिल

प्रिय वहिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वॉटर पार्क तिकडेच राहिला आणि मी घरच्या न्हाणीघरात, एका तांब्याच्या पाण्यावर घसरले. पायाला प्लास्टर आहे. तीन आठवडे. डॉक्टर हसला नाही, पण सूनबाई दाराआड हसली, मला ऐकू आलं. माझ्यासाठी सहल पुढे ढकलायची नाही. आमच्या ह्यांनी वेळापत्रकात माझं नाव खोडून त्याजागी विश्रांती लिहिलंय, म्हणजे माझ्या नावचा वेळ त्यांनाच मिळाला.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायला आठ दिवस घेतले. पाय मोडल्यामुळे नव्हे. मी झाकली मूठ म्हणाले तेव्हा मला त्या बाई दिसत नव्हत्या. आता सत्तावीस वर्षांची उशी डोळ्यांसमोरून जात नाही. तरीही माझं मत बदललं असं मी लिहिणार नाही. बाईंनी तुला काढलं तर? मी आहे, हे म्हणणं सोपं आहे, पण मी दुसऱ्या गावात एका खाटेवर आहे. तू काय करायचंस ते तू बघ. मी मोठी आहे, पण मशीनवर तू बसतेस.

एकच सांगते. धाकटा लहान असताना त्याने शेजाऱ्यांची काच फोडली, आणि मार मी खाल्ला. त्याने तीन दिवस तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी जाऊन सांगितलं. मला त्याचा राग काच फोडल्याचा नव्हता, मार खाल्ल्याचाही नव्हता. त्या तीन दिवसांचा होता. तो किती दिवस राहिला हे त्याला मी कधी सांगितलं नाही.

आणि ते पत्र. बंदच राहू दे. त्यात काही वेगळं नाही.

जाऊन आलीस की सगळं लिही. गाळू नकोस. तुझ्या पत्राची वाट बघण्याशिवाय मला इथे दुसरं काम नाही.

तुझी,
नणंद


३ मे, रविवार, संध्याकाळ

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

आम्ही आत्ताच पोचलो. बारकी केस पुसतेय. गाळू नकोस म्हणालात, म्हणून क्रमाने लिहिते.

भाऊजी फाटकापाशी आमच्या आधी वीस मिनिटं उभे होते आणि आम्ही वेळेवर आलो तरी उशीर झाल्याचा चेहरा करून उभे होते. पार्क मोठा आहे. फरशी तापलेली, सगळीकडे औषधाचा वास, भोंग्यावर सारख्या सूचना. बायकांच्या बाजूला कॉस्च्युमचं काउंटर आहे, त्यामागे एक जाडजूड बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सूनबाईंनी आपलं माप सांगितलं. काउंटरवालीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि न बोलता मोठं माप दिलं. तिला तुमचे दोन इंच कुणी कळवले असतील कोण जाणे.

माझी पाळी आली तेव्हा मी माप सांगितलं नाही. मागच्या लॉटमधले उसवलेले आहेत का, असं विचारलं. तिला वाटलं मी पार्कच्या ऑफिसातून तपासायला आले. ती चिडली. म्हणाली, चार वेळा लिहून दिलं तेव्हा कुणी आलं नाही, आता रविवारच्या गर्दीत आलात. मग तिने खालून एक पिंप ओढलं. आत कॉस्च्युम होते, कडेला सेफ्टी पिना लावलेले. ती रोज बंद करताना बसून टाके घालते, मिळेल त्या दोऱ्याने, आणि आठवड्याने ते परत सुटतात. फेकत नाही, कारण नग कमी भरले तर तिलाच विचारतात. अगदी बारीक मुलींनाच देते, ताण पडू नये म्हणून.

मी पट्टी उलटून बघायला लागले. पहिला, पिवळी गाठ. दुसरा, पिवळी. बारकी शेजारी येऊन उभी राहिली. घरी माझ्या डब्यात ते पिवळं रीळ ती रोज बघते. तीही उलटून बघायला लागली. अकरा निघाले, त्यातले चार तिने शोधले. अकराही पिवळे. मी पिंप पुन्हा तळापर्यंत बघितलं. लाल एकही नव्हता.

काउंटरवाली तोवर बोलत होती. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजातली एक मुलगी मोठ्या घसरगुंडीवरून खाली आली तेव्हा काखेपासून मांडीपर्यंत शिवण गेली होती. ती पाण्यातच बसून राहिली. वरून माणसं येत होती, शिट्टीवाला ओरडत होता की उठा, आणि ती उठेना. मैत्रिणीने टॉवेल आणेपर्यंत अर्धा तास गेला. काउंटरवाली म्हणाली, जिने हे शिवलं ती मला एकदा भेटू दे.

मी सांगितलं की मीच ती.

मला वाटलं ओरडेल. तिने विचारलं, का गं असं केलंस? मी सांगितलं, दोरा चुकला, घरात माणूस गेलं होतं. ती म्हणाली, मग त्या पोरीला काय सांगायचं? मी अकराही कॉस्च्युम एकावर एक रचले.

मागे रांग लागली होती. तिने वही पुढे केली आणि अकरा नग दुरुस्तीला नेले असं माझ्याकडून लिहून घेतलं. मी सही केली. मग तिने सुई दिली. नायलॉनचा दोरा मी नेला होता. एक कॉस्च्युम मी तिथल्या बाकावर बसून कडेने पक्का शिवला. भाऊजींच्या वेळापत्रकातली घसरगुंडी तोवर होऊन गेली. भाऊजी दोनदा येऊन घड्याळ बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा घड्याळ बघितलं नाही, माझ्या हातातली शिवण बघितली, आणि जुळ्यांना घेऊन जेवायला गेले.

शिवून झाल्यावर तो मीच घातला. अकरा वर्षं शिवतेय, कधी घातला नव्हता. काखेत शिवण टोचते. हे कुणी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. बारकी निळ्या घसरगुंडीकडे बघत होती पण काही म्हणत नव्हती. मी म्हटलं, चल. वर जाईपर्यंत एकशे चार पायऱ्या आहेत. वरून सगळं शहर दिसतं, आपलं घर मात्र ओळखू आलं नाही. भीती वाटली. मी आधी गेले. खाली आपटले, नाकात पाणी गेलं, उठले. शिवण बघितली. धरली होती. मग बारकी आली आणि खूप हसली. मागून म्हणाली की बाबा असते तर वरच अडकले असते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मीही हसले.

जुळ्या उन्हाने लाल झाल्यात, सूनबाईंचं कानातलं एक हरवलं. भाऊजींची परतीची गाडी ५.१० ची होती, ती त्यांनी पकडली. त्यांना फार आनंद झाला.

अकरा कॉस्च्युम पिशवीत, दाराशी ठेवलेत. तुम्ही विचाराल, उद्या काय करणार. ते आत्ता लिहीत नाही. लिहिलं की केल्यासारखं वाटतं आणि माणूस तिथेच थांबतो. चौदा महिने मी तशीच थांबले.

पायाला जपा. पाठीवरचा हात काढू नका, तो इथवर पोचतो.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सोमवार. सकाळी अर्धा तास आधी कामावर गेले, अकरा कॉस्च्युम बाईंच्या टेबलावर उलटे करून मांडले, आणि हे माझे आहेत, दोरा मी चुकवला, तेव्हा माझं मन थाऱ्यावर नव्हतं, असं सगळ्यांदेखत सांगितलं. मग मावशींना त्यांच्या मशीनपाशी नेऊन बसवलं, सुईत दोरा ओवून दिला, आणि दोरे कापायच्या बाकावर जाऊन बसले.